मेलेल्या आजीची शेजारीण

फान-वाडी,
दहाव्या चांद्रमासाची अकरावी, १९८६

मी मेले हे निदान मला तरी कळवायचंस. गावात डुक्कर कापायचं असलं तरी लोक आदल्या दिवशी सांगून ठेवतात. मला माझ्या मरणाची बातमी परवा दुपारी कळली, तीही चुलीतली राख टाकायला बाहेर आले होते तेव्हा, हात कोपरापर्यंत काळे. दारात दोघी बायका, आणि दोघींच्या मध्ये कागदी फुलांचं चक्र, माझ्याएवढं उंच. पांढऱ्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. साक्षरतेच्या वर्गात शिकवलं होतं तेवढ्यावर मी ते वाचलं: 'फान घराण्यातल्या आजी अमर राहोत.' राहिले आहे बघ.

श्याओमान, खुशाल असशील. मीही खुशाल आहे. पत्र मी स्वतः लिहिते आहे. नेहमीसारखं शाळेतल्या गुरुजींकडून लिहून घ्यायचं तर हे सगळं त्यांना सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायला माझी जीभ उचलली नाही. जिथे अक्षर आठवलं नाही तिथे गोल काढलाय. तू शिकलेली आहेस, गोल भरून घे.

तर आलेल्या दोघींपैकी एक तुझ्या इंग्रजीच्या औयांग बाई आणि दुसरी तुमच्या वर्गाची प्रमुख, ती त्साओ मेई. बाजाराच्या गावापर्यंत बसने आल्या आणि पुढे घळ उतरून, चढून, पायी. या वाऱ्यात. चक्राची अर्धी फुलं घळीत गेली. बाईंचे ओठ फुटलेले. मी तोंड उघडणार, कोण मेलं म्हणून विचारणार, तेवढ्यात ती त्साओ मेई बाईंना म्हणाली, "बाई, ह्याच त्या शेजारीण. लोणच्याची बरणी घेऊन फाटकावर आल्या होत्या बघा."

बाईंनी माझे काळे हात हातात घेतले. म्हणाल्या, श्याओमानच्या निबंधात तुमच्याबद्दल वाचलंय.

मी "हो" म्हणाले.

का म्हणाले ते मला विचारू नकोस, मीच शोधते आहे. मी कम्यूनच्या चेअरमनला भर सभेत टोळ म्हटलेली बाई आहे. पण त्या दिवशी 'हो' असं तोंडातून गेलं आणि मागून दुसरं काही येईना. त्यांना आत घेतलं, खालून चूल असलेल्या तापत्या ओट्यावर बसवलं, नूडल्स लाटल्या. माझ्याच मयताला आलेल्या माणसांना मीच वाढलं. त्साओ मेईने दोनदा मागून घेतलं.

जेवताना बाईंनी सांगितलं. तुम्हा पोरींना त्या इंग्रजीची मोठी वाक्यं करायला शिकवतात, एका वाक्याच्या पोटात दुसरं, गाभण डुकरिणीसारखं. म्हणजे गाभण डुकरीण मी म्हटलं, त्यांनी 'मुख्य आणि गौण' असं काहीतरी म्हटलं. त्या सुरुवात देतात आणि तुम्ही शेवट करायचा. आणि तू अशी वाक्यं जोडून जोडून आजीच्या मरणावर एक लांब निबंध केलास, तो वाचून वर्ग रडला, बाई रडल्या. मध्य-शरदाच्या पौर्णिमेला आजी गेली आणि पोर महिनाभर कुणाला काही न बोलता अभ्यास करत राहिली, म्हणून बाईंना तुझं फार कौतुक. दंडाला काळी पट्टी लावून फिरतेस म्हणे. ती कशाची फाडलीस? मी शिवलेल्या पायजम्याची नसावी अशी आशा आहे.

मग त्यांनी तो निबंध आपल्या भाषेत सांगितला. ती आजी चष्मा लावते. संध्याकाळी खिडकीशी बसून जुन्या कविता म्हणते. तिचे हात गोरे आणि साबणाच्या वासाचे. आयुष्यात कुणाला वेडंवाकडं बोलली नाही. मी चांगली लक्ष देऊन ऐकत होते. अशी बाई आपल्या घरात राहून गेली आणि मला एकदाही भेटली नाही याचं वाईट वाटलं.

शेजारणीचं एकच वाक्य आहे. बाई म्हणाल्या, "जरी शेजारणीची जीभ विळ्यासारखी होती..." आणि पुढे बोलायच्या थांबल्या, मला वाईट वाटेल म्हणून असेल. आता 'जरी' म्हटलं की पुढे 'तरी' यायला हवं. पुढे काय लिहिलंयस?

चक्र मी डुकरांच्या खोपटात ठेवलंय. बाहेर ठेवलं तर लोक बघतात.

मी शेजारीण कधीपासून झाले ते लिही.

तुझी आजी


जिल्हा अध्यापक विद्यालय,
२० नोव्हेंबर १९८६

प्रिय आजीस,

पत्र मिळालं. तू ते गुरुजींकडून लिहवून न घेता स्वतः लिहिलंस याचे फार उपकार झाले. गोल सगळे भरले, काही अडलं नाही.

आजी, तू हे फार मनाला लावून घेऊ नकोस. हा फक्त सराव आहे. तुला कसं सांगू? पहाटे आम्ही सगळ्या जणी पॉप्लरच्या झाडांखाली, भिंतीकडे तोंड करून मोठ्याने वाक्यं पाठ करतो. 'जरी', 'कारण', 'जी', 'ज्याला', 'जेव्हा'. आपल्या भाषेत 'जरी' म्हटलं की 'तरी' येतंच, 'कारण' म्हटलं की 'म्हणून' येतंच. इंग्रजीत दोन्हींपैकी एकच ठेवायचं असतं. आपल्या जिभेला ते जमत नाही, आम्ही दोन्ही घालतो आणि औयांग बाई टेबलावर खडू आपटतात. मी अशी दोन्हींची चूक महिनाभर केली नाही, वर्गात मी एकटीच. तुला हे सांगते कारण तुला अभिमान वाटावा.

वाक्याला विषय लागतो. मी आधी खरंच तुझ्यावर लिहिलं होतं. 'माझी आजी, जी म्हातारी आहे, रोज डुकरांना खायला घालते.' बाईंनी खाली 'बरोबर' असं लिहिलं. बाकी काही नाही. आणि आजी, इथे सगळ्याच तसं करतात. त्साओ मेईने निबंधात वडिलांचा पाय खाणीत तोडला. तिचे वडील धान्याच्या कोठारात कारकून आहेत, दोन्ही पाय शाबूत. माझ्या पलीकडच्या खाटेवरच्या मुलीने आईला आंधळं केलं. दुःखाची गोष्ट असली की 'जेव्हा' आणि 'ज्याला' आपोआप येतात, वाक्य लांबत जातं, तुटत नाही. कुणी कुणाला खरं काय ते विचारत नाही. बाई अशा घरी येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दोन दिवसांची सुट्टी घेतली तेव्हा कुठे जातात हे त्यांनी सांगितलं नाही.

आता महत्त्वाचं. माझा निबंध प्रांताच्या स्पर्धेसाठी निवडलाय. नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात शिआनला जाऊन तो पाठ म्हणायचा आहे. पहिली येईल तिला तिथल्या विद्यापीठात दोन वर्षं इंग्रजी शिकायला ठेवून घेणार आहेत. आजी, नाहीतर जुलैत माझी नेमणूक होईल ती बाजाराच्या गावातल्या शाळेत, आणि मी जन्मभर तिथे राहीन. तू इतकी वर्षं मला शिकवलंस ते त्यासाठी नाही.

म्हणून एवढंच कर. तोपर्यंत शेजारीणच राहा. कुणी आलं, विचारलं, तर जे म्हणालीस तेच म्हण.

त्साओ मेईचा काहीतरी घोटाळा झाला. तिला चेहरे लक्षात राहत नाहीत. निबंधातली शेजारीण मी आपल्या बाय काकूंवरून घेतली आहे.

थंडी वाढली आहे. गुडघ्यांना पट्ट्या बांध.

तुझी नात श्याओमान


फान-वाडी,
दहाव्या चांद्रमासाची सत्तावीस

बाय काकूंवरून. बाय काकूने जन्मात डुक्कर पाळलं नाही आणि गेल्या थंडीत झटका आल्यापासून तिला नीट बोलता येत नाही. तिची जीभ विळ्यासारखी कधी झाली? तिला जाऊन विचारलं असतं, पण ती उत्तर देईपर्यंत वसंत यायचा.

आणि त्साओ मेईला चेहरे लक्षात राहतात. तिने नुसता माझा चेहरा नाही, बरणीचा तुटलेला कान सुद्धा सांगितला. श्याओमान, तुझ्या पत्रातलं अक्षर फार सुंदर आहे, ओळी सरळ, चुका नाहीत. मी बाजूला ठेवून दिवसभर बघत होते. एवढ्या सुंदर अक्षरात लिहिलेलं खरंच असणार असं वाटत राहतं. मग बाय काकू दारावरून लंगडत गेली आणि मी जागी झाले.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. तेव्हा लिहायची लाज वाटली. अजून वाटते, पण तुला 'सराव आहे' असं म्हणताना लाज वाटली नाही, तेव्हा ही तुझ्या वाट्याला यायला हवी.

जेवण झाल्यावर बाई म्हणाल्या, थडगं दाखवा.

मला वाटलं होतं चक्र ठेवतील, चहा पितील, शेवटची बस गाठायला पळतील. त्या उठून बूट घालायला लागल्या. पिशवीतून मेलेल्यांसाठी जाळायचे कागद काढले, उदबत्त्या काढल्या. मी म्हणाले, वारा आहे. म्हणाल्या, असू दे. मी म्हणाले, लांब आहे. म्हणाल्या, एवढं आलो, आता काय. त्या पुढे, त्साओ मेई मागे चक्र घेऊन, आणि मी मध्ये, चोराला नेतात तशी.

कुठे नेणार होते मी? वरच्या शेतात तुझ्या आजोबांकडे नेलं. ढिगारा तो ढिगारा, त्यावर दगड नाही, नाव नाही. माणूस जिवंत असताना माझ्या कधी उपयोगी पडला नाही, तेव्हा म्हटलं आता पडू दे. बाईंनी बघितलं. वरचं वाळलं गवत बघून म्हणाल्या, दोन महिन्यांत किती वाढलं. मी म्हणाले, यंदा पाऊस बरा झाला. श्याओमान, यंदा पाऊस कसा झाला ते तुला माहीत आहे. राळा गुडघ्याएवढाही आला नाही.

मग त्या बसल्या. चांगल्या लोकरी पँटमध्ये, त्या धुळीत, गुडघ्यांवर. कागद जाळले. तीनदा डोकं टेकलं, नुसतं वाकल्यासारखं नाही, कपाळाला माती लागेपर्यंत. त्साओ मेईला वाटलं उठतील, तिने हात पुढे केला, पण त्या उठल्या नाहीत. तिथेच बसून मला सांगायला लागल्या. त्यांच्या तरुणपणी, त्या सगळ्या गोंधळाच्या वर्षांत, त्यांना लांब सरहद्दीवरच्या शेतावर पाठवलेलं. इकडे आई गेली. तार पोचली, पण सुट्टी मिळाली नाही. चार वर्षांनी परत आल्या तर ओळखीचं कुणी उरलं नव्हतं, आई कुठे पुरली हे सांगू शकणारा माणूस सापडला नाही. सगळ्या टेकडीवर फिरल्या. कुठल्या ढिगाऱ्यापुढे बसावं ते कळेना, म्हणून बसल्याच नाहीत.

म्हणाल्या, "तुम्ही जागा दाखवलीत, हे फार झालं. निदान त्या पोरीला दाखवणारं कुणी आहे."

मी त्यांच्या शेजारी उभी होते. एका म्हाताऱ्या खविसाच्या पोटावर ती बाई आपल्या आईसाठी डोकं टेकत होती, आणि मी त्यांना जागा दाखवली होती. बोलायला तोंड होतं. बोलले नाही. त्या वेळी मला वाटलं, खरंच मेले असते तर बरं, निदान बाईंचं डोकं टेकणं खोटं ठरलं नसतं.

निघताना म्हणाल्या, वसंतात छिंगमिंगच्या सणाला पुन्हा येईन, थडगं झाडायला. हात धरून म्हणाल्या, पोरीला आता तुमच्याशिवाय कोण आहे. हे मात्र त्यांनी नकळत बरोबर सांगितलं.

गावात काय चाललंय ते तुला हवंच असेल. चक्र येताना लोकांनी बघितलं. आता मी विहिरीवर गेले की बायका बाजूला होतात आणि म्हणतात, कैलासवासी आजींना आधी भरू द्या. मी त्यांना दोन शब्द जास्तच ऐकवते. पण आधी ऐकवायला मजा यायची तशी येत नाही, कारण त्या खरं तेच बोलताहेत.

शिआनचं मला सांगू नकोस. शिआन कुठे आहे मला ठाऊक आहे, तुझा बाप तिथूनच आगगाडीत बसून शिनच्यांगला रूळ टाकायला गेला आणि वर्षाला एकदा येतो.

दोन गोष्टी विचारल्या होत्या, एकीचंही उत्तर आलं नाही. शेजारणीच्या 'जरी'चं पुढे काय? आणि मी शेजारीण कधी झाले?

आजी


जिल्हा अध्यापक विद्यालय,
८ डिसेंबर १९८६

आजी,

तुझं पत्र मी खाटेवर पडदा लावून वाचलं. जेवायला गेले नाही. नंतर वर्गात बाई फळ्यावर लिहीत होत्या, मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. त्या वळल्या तेव्हा दिसलं, पँटला गुडघ्यापाशी अजून मातीचा डाग आहे, पूर्ण गेला नाही. मला वाटायचं, कुठे पडल्या असतील.

मी शेजारीण कधी केली ते सांगते. तू आली होतीस त्या दिवशी. सप्टेंबर संपत होता. तू फाटकावर पहारेकऱ्याशी भांडत होतीस, त्याने बरणी आत न्यायला मनाई केली म्हणून. तू त्याच्या बायकोला, आईला, कोंबड्यांना, कुणालाच सोडलं नाहीस. दुपारची सुट्टी होती, सगळं आवार ऐकत होतं. मुली खिडक्यांत जमल्या. एकीने तुझी नक्कल केली, कमरेवर हात ठेवून. सगळ्या हसल्या. मीही हसले, आजी. मग त्साओ मेई म्हणाली, ही तुझं नाव घेतेय की काय? आणि मी म्हणाले, आमच्या शेजारीण आहेत.

तू मला बरणी दिलीस, थोडी माझ्याकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, वाळलीस. मी म्हणाले, 'तुम्ही परत जा, शेवटची बस चुकेल.' तुला 'तुम्ही' म्हटलं, कारण त्या ऐकत होत्या. तुझ्या लक्षात आलं होतं का ते मला माहीत नाही. मी तेव्हापासून तेच विचारत होते स्वतःला.

लोणचं त्या रात्रीच संपलं. सगळ्यांनी खाल्लं, तुझी नक्कल केली तिनेही.

दहा-बारा दिवसांनी बाईंनी 'आजी' हा विषय दिला. माझी आजी कुठे होती? तिला तर मी शेजारीण करून टाकलं होतं. मग दुसरी करावी लागली, आणि दुसरी केल्यावर ती कुठे आहे, भेटायला का येत नाही, हे कुणीतरी विचारणार, म्हणून तिला मारावं लागलं. असं एकातून एक झालं. बाईंनी वाचून दाखवलं तेव्हा मला आधी फार बरं वाटलं. मी रडले. रडले ते खोटं नव्हतं, पण कोणासाठी रडत होते ते सांगता येत नाही.

शेजारणीचं वाक्य असं आहे: 'जरी शेजारणीची जीभ विळ्यासारखी होती, आजी गेल्यावर मला जेवू घालणारी तीच एक होती.' इंग्रजीत 'तरी' नाही, म्हणून इथेही लिहिलं नाही.

आजी, मी काल बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, स्पर्धा होऊ दे, नंतर बघू. त्यांनी मला क्षमा केली आहे. तेव्हा आता ते प्रकरण मिटलं. तू बाईंना काही लिहू नकोस, त्यांना पुन्हा त्रास होईल.

काळी पट्टी तुझ्या पायजम्याची नाही. छत्रीची आहे.

तुझी श्याओमान


फान-वाडी,
हिवाळी अयनाचा दुसरा दिवस

काल अयन होतं. थंडीने कान गळू नयेत म्हणून सगळ्यांनी मोदक केले, मीही केले, कोबी आणि चरबीचे. उकडायला टाकले आणि गावाचा भोंगा ओरडला. गंग सरपंच भोंग्यावर आला की एरवी खताचं किंवा लशीचं सांगतो. काल खाकरला, थांबला, आणि म्हणाला, फान घराण्यातल्या दिवंगत आजींच्या शेजारीणबाईंनी फोनवर यावं. जिल्ह्याहून फोन आहे.

तो चांगला माणूस आहे. त्याला कळेना दुसरं काय म्हणावं. फोनवरच्या बाईंनी तसंच सांगितलं होतं.

मी पिठाचे हात घेऊन गेले. कचेरीत शेकोटीभोवती आठ-दहा जण बसलेले, अयनाचं कुणाला काम नसतं. फोन हातात दिला. पलीकडे औयांग बाई. लाइनीत वारा वाहत होता, पण ऐकू आलं. म्हणाल्या, पौर्णिमेपासून मोजलं तर येत्या शनिवारी श्याओमानच्या आजींचा शंभरावा दिवस येतो. तिला सुट्टी देऊन घरी पाठवणार होते, पण स्पर्धेचा अभ्यास आहे, ती नको म्हणते. म्हणून आम्ही दोघी इथेच, शाळेच्या मागच्या भिंतीपाशी कागद जाळणार आहोत. तुम्ही तिकडे थडग्यावर आमच्या वतीनेही जाळाल का? आणि आजींना काय आवडायचं, ते सांगा, म्हणजे ते ठेवू.

तर तू सांगितलेलं नाहीस.

आठ-दहा माणसं शेकोटीत बघत होती. एकही हसला नाही. हसले असते तर मी एकेकाला सोलून काढलं असतं, मला ते सोपं गेलं असतं. गंग सरपंचाने चिमट्याने कोळसा उगाच इकडचा तिकडे केला. सगळे माझ्यासाठी लाजत होते, श्याओमान. ज्यांना मी तीस वर्षं जाता-येता बोलले ते सगळे.

बाईंनी पुन्हा विचारलं, काय आवडायचं? मी म्हणाले, लोणचं. मग म्हणाल्या, पोर वाळली आहे, ताटात तसंच टाकते, काही सांगू का तुमच्याकडून? मी म्हणाले, नाही. फोन ठेवला. घरी आले तर मोदक फुटून पाण्याची पेज झाली होती.

आता ऐक. मी तिथेच सगळं सांगू शकले असते. चार शब्दांचं काम होतं. ते मी केलं नाही, आणि या खेपेला गोंधळले म्हणून नाही. मी सांगितलं असतं तर तू पकडली गेली असतीस. पकडलं जाणं आणि सांगणं यात फरक आहे, तेवढा मला वर्गात न जाता कळतो.

'तुम्ही' म्हणालीस ते माझ्या लक्षात आलं होतं. बसमध्ये बसेपर्यंत आलं होतं. त्याचं मी काही केलं नाही. मला डुकरांचा वास येतो, तो खरा आहे. पहारेकऱ्याच्या कोंबड्यांना मी बोलले तेही खरं आहे, आणि ते बोलायला नको होतं, कोंबड्यांचा काय दोष. सतरा वर्षांची पोर मैत्रिणींसमोर आजीला लाजली. लाजू दे. तेवढ्यावर मी तुला हाक मारायची थांबणार नव्हते.

तुझ्या वाक्यातली शेजारीण मला चालली. मेलेली बाई कविता म्हणत बसली आणि पोरीला जेवण शेजारणीने घातलं. निदान तेवढं तू बरोबर लिहिलंस.

पण त्या बाईंना आईची जागा सापडली नव्हती. इतक्या वर्षांनी कुठेतरी डोकं टेकायला त्या घळ चढून आल्या, आणि तू त्यांना नसलेली आजी दिलीस, मी नसलेलं थडगं दिलं. आपण दोघींनी मिळून केलंय हे. माझा वाटा मी धुऊन काढू शकत नाही. आता शनिवारी त्या भिंतीपाशी बसून कागद जाळणार, तुझा हात धरून, आणि तू त्यांच्या शेजारी बसून रडणार, तुला रडता येतं हे आता आपल्याला माहीत आहे. ते होता कामा नये. छिंगमिंगला त्या पुन्हा त्या म्हाताऱ्यापुढे बसतील, ते तर नाहीच.

पत्र उद्या सकाळी मी स्वतः बाजाराच्या गावात नेऊन टाकते. शुक्रवारपर्यंत तुला मिळेल. मिळालं की पट्टी काढ आणि त्यांच्याकडे जा. त्साओ मेईला नेऊ नकोस. सगळं सांग, फाटकापासून. आजोबांचंही सांग, की ते थडगं कुणाचं. ते मी केलं असं सांग, ते स्वतःवर घेऊ नकोस, तुला शोभा येईल म्हणून घेशील, मी ओळखते तुला.

शिआन जाईल. जाईलच. क्षमा करतील न करतील तो त्यांचा प्रश्न, तुझ्या पत्रात त्यांनी आधीच करून टाकली होती ती त्यांना परत दे. बाजाराच्या गावातल्या शाळेतही पोरांना इंग्रजीचं 'जरी' शिकवायला लागतंच, आणि तिथून घर पायी गाठता येतं. हे मी तुला गोड वाटावं म्हणून लिहीत नाही. मला शिआनच हवं होतं. भोंग्यावर ऐकायचं होतं, फान-वाडीची पोर शिआनला गेली म्हणून.

या पत्राला तू उत्तर लिहायचं नाहीस. तुझं अक्षर सुंदर आहे, त्याला मी दोनदा फसले, तिसऱ्यांदा फसायला मला आवडेल म्हणून भीती वाटते. उत्तर औयांग बाईंनी लिहावं. रागाचं लिहू दे, दोनच ओळी लिहू दे, मी वाचीन. त्यांचं येईपर्यंत तुझं पाकीट आलं तर मी ते न फोडता पोस्टमनच्या हातात परत ठेवीन.

आणि त्यांनी पाकिटावर शेजारीण म्हणून लिहायचं नाही. आजी म्हणूनही नाही, त्यांची मी कुणी नाही. माझं नाव त्यांना माहीत नसणार, तुझ्या निबंधात ते नाही. तू त्यांना सांगायचं, नीट अक्षरं सांगून: हुओ लामेइ. त्या नावाने आलेलं पत्र मी घेईन.